शेवटची ओव्हर कोणाच्या घरची

मंगफ, कुवेत
ता. २४ ऑक्टोबर १९९६, गुरुवार

जयराम,

मोठी बहीण म्हणून आशीर्वाद देते, तो आधी घे. आता बाकीचं ऐक.

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं. मला वाटलं घरात कोणी गेलं. हात धुतले, चष्मा लावला, बसले, तर माझी चौकशी एक ओळ आणि चेंडूची दीड पानं. "तू बरी असशीलच." हो, असेनच. चौदा बाप्यांचं दोन वेळचं जेवण रांधते, मला आजारी पडायला सुट्टी कोण देतो?

विश्वास गणपतीला गावी आला आणि तुझ्या ओटीवर बसून सगळं सांगून गेला, हे मला कळलं. वाडीत तो साधा विश्वास असेल. इथे तो शुऐबाच्या कारखान्यात पाइप फिटर आहे आणि आमच्या वाघजाई क्रिकेट संघाचा कॅप्टन आहे, त्यामुळे त्याचं तोंड जरा जास्त चालतं. रितेश माझ्याच मेसमध्ये जेवतो हे तुला त्याच्याकडून कळलं म्हणून पोरावर डाफरू नको. सात महिने झाले त्याला इथे येऊन. "बापाला कळव" असं मी त्याला सांगितलं नाही आणि "कळवू नको" असंही सांगितलं नाही. तुझा मुलगा आहे, गप्प बसायचं घरातच शिकला.

तू लिहितोस, शिमग्याला पालखीचा पहिला खांदा आपल्या घराचा, तशी वाडीच्या टीमची शेवटची ओव्हर आपल्या घरची. आबांपासून चालत आलं. म्हणून डिसेंबरच्या फायनलला ती रितेशनेच टाकायची, आणि मी विश्वासला तसं बजावायचं.

जयराम, आबांनी आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती. मुंबईच्या चाकरमान्यांनी वाडीत बॅट आणली त्या वर्षी आबा मैदानाच्या कडेला उभे राहून म्हणाले, "शेवटचं षटक आमचं," आणि त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. पालखीचं देवीने सांगितलं असेल. ओव्हरचं तिने काही सांगितलेलं नाही.

पण हे खरं, की इथेही सगळे तेच धरून बसलेत. चौदातले नऊ आपल्या वाडीचे. समुद्र ओलांडला, इथे राहायचा परवाना, इकामा, काढला, अरबी शिव्या शिकले, पण मान म्हटलं की माना खाली. पहिल्या दोन मॅचमध्ये शेवटची ओव्हर रितेशने टाकली. दोन्ही जिंकल्या. तेव्हा तू खूश राहा.

पोरगा ठीक आहे. जेवण जरा कमी आहे.

गोदू


मंगफ
ता. ११ नोव्हेंबर, सोमवार

जयराम,

काल दिवाळी झाली. चकल्या मऊ पडल्या, तरी संपल्या.

मागच्या पत्रात "जेवण जरा कमी आहे" असं लिहिलं. ते खोटं होतं. आता खरं लिहिते.

मी चौथी शिकले. मला क्रिकेट कळत नाही, पण ताट कळतं. कोणाचं बायकोशी भांडण झालंय, कोणाचा मुदीर, म्हणजे साहेब, ओरडलाय, कोणाला घरून पत्र नाही, हे मला ताटावरून समजतं. रितेशचं ताट बुधवारी रात्रीपासून तसंच्या तसं परत येतं. गुरुवारी नुसतं ताक. शुक्रवारी सकाळी न्हाणीघरात नळ मोठा सोडून ओकतो, त्याला वाटतं नळाच्या आवाजात आत्याला ऐकू येत नाही. मॅच हरली तर जेवत नाही हे समजू शकते. हा जिंकल्यावरही जेवत नाही. "आत्या, तो चौथा बॉल जरा आखूड पडला असता तर?" अरे, नाही ना पडला! जिंकलात ना! तर म्हणे, "पण पडला असता तर?"

आणि शनिवारी हा पोरगा उपाशी पोटी कामावर चढतो. काय काम करतो माहीत आहे ना तुला? टाकीभोवती लोखंडी पाइपांची परांची बांधतो, पाच-पाच माणसं उंच. या शनिवारी त्याला वर चक्कर आली. कमरेला पट्टा होता म्हणून लोंबकळत राहिला. खालच्यांनी चढून सोडवला. मला म्हणाला, पाय सटकला. मी म्हटलं, पाय सटकल्यावर माणूस पांढरा पडत नाही.

म्हणून मी विश्वासला सांगितलं, शेवटची ओव्हर त्याच्याकडून काढ. त्याला खेळव, कुठेही उभा कर, पण ती एक ओव्हर काढ.

"मग कोणाला देऊ, गोदूबाई? तुम्ही टाकता?"

"हारूनला दे."

तो एवढा हसला की तोंडातला खुबूस रोटीचा घास बाहेर आला.

हारून म्हणजे खालच्या गाळ्यातला शिंपी. आपल्या खाडीच्या पलीकडचा, दाभोळकडचा. वय त्रेचाळीस, पोट पुढे, पळताना टेप गळ्यातच. गेल्या शुक्रवारी एक माणूस कमी पडला, हा कोणाची तरी पँट द्यायला मैदानावर आला होता, त्याला धरून उभा केला. हळू टाकतो. इतकं हळू की बॅट्समन वाट बघून कंटाळतो. त्याला दोन सिक्स बसले. बाकीचे कपाळाला हात लावून बसले. आणि हा माझ्याकडे येऊन विचारतो, "गोदूबाय, आज सुकटीचं आहे का?" पुढची ओव्हर टाकायला गेला तर दोन गडी काढले. त्याला सिक्स बसलेले आठवतच नव्हते! मॅचनंतर तीन वेळा भात घेतला.

मला जे कळलं ते हे: शेवटची ओव्हर ज्याला मागचा चेंडू आठवत नाही त्याने टाकावी. ताकद लागत नाही, वेग लागत नाही. मान तर मुळीच लागत नाही.

तू आता म्हणशील, परका माणूस, परक्या घरचा. मी एकदाच सांगते. नव्वद साली इथे सैन्य घुसलं, आम्ही बसमध्ये कोंबून निघालो, तेव्हा वाळवंटात तीन दिवस याच हारूनने आपल्या पाण्यातलं पाणी मला दिलं. कोणाच्या घरची म्हणून त्याने विचारलं नाही. घरी पोहोचल्यावर मात्र मला विचारलं गेलं. ते तुला आठवत असेल. नसेल तर मला आहे.

पण ओव्हर त्या पाण्यासाठी देत नाही. तो चांगला टाकतो म्हणून देते.

रितेशला तुझं वेगळं पत्र आलंय म्हणे. ते उशीखाली ठेवतो. मी विचारलं तर म्हणाला, "मीच टाकणार आत्या. बाबांनी सांगितलंय."

त्याला दुसरं पत्र पाठव. लवकर पाठव.

गोदू


मंगफ
ता. २ डिसेंबर, सोमवार

जयराम,

तुझं काही आलं नाही. तेव्हा इथे काय झालं ते ऐक आणि मग तोंड फिरव हवं तर.

टीममध्ये दोन तट पडले. वाडीची नऊ माणसं म्हणतात, मान मोडला तर देवी कोपेल. बाकीचे म्हणतात, देवी कोपली तर बघू, आधी कप येऊ दे. फायनल अहमदीच्या टीमशी आहे. त्यांच्याकडे एकसारखे शर्ट, एकसारखे बूट, पाण्याला वेगळा माणूस. आमच्याकडे तीन बॅटी आणि विश्वासचं तोंड. शेवटी विश्वासच म्हणाला, "आपण भांडायचं कशाला? कौल लावू."

शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात.

तुला हसू येईल. गावात गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. इथे मूर्ती नाही, फळीवर वाघजाईचा काचेच्या फ्रेममधला फोटो आहे. पाकळ्या नाहीत, म्हणून माझ्या फ्रिजमधला कढीपत्ता. फोटोच्या उजव्या अंगाला एक पान, डाव्या अंगाला एक पान, पाणी लावून. प्रश्न असा: शेवटची ओव्हर रितेशला द्यावी काय? उजवं आधी पडलं तर द्यावी, डावं आधी पडलं तर देऊ नये.

पंधरा माणसं त्या खोलीत. चुली बंद, पण भिंती तापलेल्या, म्हणून एसी चालू. विश्वासने टोपी घातली, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"आई वाघजाई! तुझी लेकरं हितं परक्या मुलखात पोटासाठी आली!"

"होय महाराजा!"

"त्यांचा येत्या शुक्रवारी आठ ओव्हरचा सामना हाय!"

"होय महाराजा!"

"तर शेवटची ओव्हर कुणी टाकावी, याचा आई तू निवाडा कर, आणि नो-बॉल टाकणाऱ्याला तिथल्या तिथं अक्कल दे!"

"होय महाराजा!"

हारून दारात उभा, टेप गळ्यात. मला हळूच म्हणतो, "गोदूबाय, मी उभा राहू की बसू? तुमच्या देवीला माझं नाव पण म्हायती नसेल."

मी म्हटलं, "उभा राहा आणि शिंकू नको."

रितेश फळीच्या अगदी समोर. त्याचा चेहरा बघवत नव्हता. पंधरा माणसं दोन कढीपत्त्याच्या पानांकडे बघतायत आणि कोणी श्वास घेत नाही. बराच वेळ काही नाही. मग डावं पान थोडं हललं, कडेने सुटलं आणि खाली मिठाच्या बरणीवर पडलं.

विश्वासने टोपी काढली. म्हणाला, "आईचा हुकूम झाला. हारूनभाय, तुम्ही."

हारून म्हणाला, "बरं. आणि त्याआधी मला कोणी सांगेल काय, फिल्डिंगला मी कुठे उभा राहू? मला पळवू नका."

मी रितेशकडे बघितलं. तो खाली बसला होता, भिंतीला टेकून. मला वाटलं रडतो. रडत नव्हता. मला म्हणाला, "आत्या, थोडी आमटी उरली असेल?"

जयराम, त्याने शुक्रवारी दुपारी आमटीभात खाल्ला. तुला कळतंय का मी काय लिहितेय?

तू चिडशील. सहा वर्षांनी लिहायला लागलास, ते परत बंद करशील, हे मला ठाऊक आहे. या नऊ माणसांपेक्षा मला त्याचीच भीती जास्त होती. तरी केलं.

गोदू


मंगफ
ता. ७ डिसेंबर, शनिवार

जयराम,

कप आला. पत्र्याचा आहे, एका बाजूला चेपलेला, पण आला.

नीट सांगते, कारण तुला विश्वासकडून कळेल तेव्हा तो सगळं स्वतःच जिंकल्यासारखं सांगेल. फिंतासच्या बाजूचं वाळूचं मैदान. आम्ही एकोणसाठ काढल्या. अहमदीला शेवटच्या ओव्हरला अकरा हव्या होत्या. हारून चेंडू पँटला पुसत आला. पहिल्याच चेंडूला चौकार. आपली नऊ माणसं माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच टाकला. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "पुढे बघा, मेल्यांनो!"

दुसरा मारायला बॅट्समनने जोरात बॅट फिरवली आणि चेंडू नंतर आला. तिसऱ्यावर दोन. चौथा उंच उडाला, विश्वासने धरला. मग तो दिवसभर तेच सांगत होता. पाचव्यावर एक. शेवटच्या चेंडूला चार हव्यात. चौकार बसला तर ते जिंकणार.

सगळे ओरडत होते. हारून मागे वळला, सुरुवात करायच्या जागेवर गेला, आणि तिथून मला ओरडून विचारतो, "गोदूबाय! आज काय आहे?"

मी ओरडले, "कोलंबीचं कालवण!"

"बरं!" म्हणाला आणि टाकला. चेंडू टप्प्यावर मेला. बॅट्समन चुकला, किपरच्या हातूनही सुटला, ते दोघं धावत सुटले, एक, दोन, आणि तिसऱ्याला पडले वाळूत तोंडावर. रितेशने सीमेवरून फेकला, दांड्या उडाल्या. एका धावेने का दीड धावेने जिंकलो ते मला विचारू नको. घाण मॅच होती. पण जिंकलो. हारून अंपायरच्या आधी मैदानाबाहेर आला होता.

आता दुसरं. मला पोटात ठेवता येत नाही.

त्या कौलाच्या दिवशी मी दुपारी सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात गेले. एसीच्या पट्ट्या वळवायला. वारा एका बाजूला सोडला की त्या बाजूचं पान आधी सुकणार आणि आधी पडणार, हे मला पाच वर्षं त्या फळीला फडकं मारून माहीत आहे. आबांच्या लेकीने देवीच्या कौलात लबाडी करायची ठरवली होती. पोर परांचीवरून पडण्यापेक्षा माझ्या डोक्यावर पाप पडलेलं बरं.

स्टुलावर चढले. बघते तर पट्ट्या आधीच डावीकडे वळलेल्या! मी हातही लावला नाही. उतरले आणि देवीला नारळ बोलले. माझ्यावरचं तिने स्वतःच्या अंगावर घेतलं, असं मला वाटलं.

आज शनिवार आहे. सकाळी रितेश डबा घेऊन कामावर गेला. त्याआधी चार आंबोळ्या खाल्ल्या. आता दुपारचा एक वाजला. मी दर शनिवारी या वेळेला खिडकीशी उभी असायचे, कोणाची गाडी लवकर परत आली का बघत. आज बसून पत्र लिहितेय.

चौऱ्याहत्तर सालची ती मॅच, तू शेवटची ओव्हर टाकून हरलेली, मी विसरले नाही. तुझं ताट त्या रात्री कुत्र्याला घातलं होतं. मी माहेरी होते. मीच घातलं.

गोदू


मंगफ
ता. ३० डिसेंबर, सोमवार

जयराम,

तुझं पत्र परवा मिळालं. नोव्हेंबरात टाकलेलं, वाटेत कुठे झोपलं होतं देव जाणे. म्हणजे तू लिहिलंस तेव्हा तुला कौलाचं माहीत नव्हतं, हारूनचं माहीत नव्हतं, कपाचं तर नव्हतंच. फक्त माझं ते दिवाळीनंतरचं पत्र तुझ्या हातात होतं.

मी ते तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने वाचलं, कारण मला वाटलं शिव्या असतील.

तू लिहिलंस, चौऱ्याहत्तर साली त्या मॅचच्या सकाळी तू शाळेच्या मागे ओकलास. आबांनी बघितलं होतं. त्यांनी तुला धोतराच्या सोग्याने तोंड पुसायला दिलं आणि चेंडू हातात दिला. हरून आलास त्यानंतर महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. हे तू कोणाला सांगितलं नव्हतंस, वहिनीलाही नाही. तू लिहिलंस, "मला वाटायचं, रितेशने टाकून जिंकली की माझं मिटेल." आणि खाली, "त्याला टाकू देऊ नको ताई. तो जेवतो का तेवढं कळव."

बाबा रे, बावीस वर्षं!

मी पत्र रितेशला वाचायला दिलं. पट्ट्यांचं आणि नारळाचंही सांगितलं, लपवायचं कशाला आता. वाचून झाल्यावर बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसला. मग म्हणाला, "आत्या, तू देवीला नारळ बोललीस ना? तो बोलायला नको होता."

"का?"

"त्या पट्ट्या मी वळवल्या होत्या."

मी त्याला हातातल्या उलथन्याने एक मारली. हलकीच. मग दोघंही हसत बसलो, एवढं की विश्वास बघायला आला, काय झालं म्हणून. त्याला सांगितलं नाही. त्याला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अहमदीला कळेल. एकाच घरचे दोन लबाड, एकाच एसीच्या मागे. देवी फळीवर बसून बघत असेल, म्हणत असेल, या घराण्याने सरळ "नको" म्हणायला शिकायला किती पिढ्या लावल्या!

नारळ त्याच्याकडून फोडून घेतला. खोबरं हारूनला दिलं. त्याने विचारलं, कसलं? मी म्हटलं, कौलाचं. तो म्हणाला, "देवीला सांगा, पुढल्या वर्षी पण मीच. पण नवीन बूट हवेत." पुढल्या वर्षी पण तोच. आमचं ठरलं. कोणाच्या घरचं ते नाही, कोण चांगलं टाकतो ते. रितेश सुरुवातीची ओव्हर टाकणार. तेव्हा कोणी ओरडत नाही, तेव्हा लोक अजून चहा पीत असतात.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीचं.

नव्वद साली मी एका पिशवीनिशी एसटीतून उतरून तुझ्या अंगणात आले. तू पायरीवर उभा राहून विचारलंस, "आता कोणाकडे उतरणार?" मी तशीच वळले आणि शेजारच्या गंगूबाईकडे गेले. सहा वर्षं मी ते वाक्य रोज भाजीबरोबर चिरलंय. आणि आता तू लिहितोस, "सुट्टीत येशील तेव्हा दुसऱ्या कोणाकडे उतरलीस तर बघ."

बघतेच.

एप्रिलच्या दहाला सुट्टी मिळते. स्टँडवर ये. उशिरा येऊ नको, मला उन्हात थांबवत नाही. वहिनीला सांग, मला पाहुणी म्हणून काही गोडधोड नको. मासे आण, मी रांधते. तू समोर बसून जेवायचंस, आणि मी तुझं ताट बघणार आहे. शेवटच्या घासापर्यंत.

गोदू